मालूबाईच्या बागेतल्या साठ खुंट्या

हिमानीला चुका पटकन दिसत, पण त्या दुसऱ्यांच्या. लग्नपत्रिकेतलं चुकलेलं आडनाव, दुकानाच्या पाटीवरचा उलटा आकडा, सरांनी फळ्यावर सोडवलेल्या गणितात निसटलेलं ऋणचिन्ह. शाळेत त्यामुळे तिला मार्क भरपूर आणि मैत्रिणी मोजक्या. "ही पोरगी देवालाही चष्मा लावून घे म्हणेल," असं तिची आई म्हणायची. आई चार वर्षांपूर्वी गेली. चष्म्याचा नंबर मात्र हिमानीचाच वाढत राहिला.

वडील लीलाधर जळगावकडचे. तेहेतीस वर्षं कागदाच्या कारखान्यात, तेही प्रयोगशाळेत. कारखान्याच्या कॉलनीत हिमानी वाढली, म्हणजे कागदातच वाढली म्हणायची. वह्या घरच्याच, पतंग घरचेच, दिवाळीचे कंदील घरचेच. निवृत्तीनंतर बापलेकी बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आले. गणितात एमएस्सी केल्यावर बरोबरीच्या मुली पुण्याला आणि इंदूरला पळाल्या. ही राहिली. वडिलांसाठी राहिली असं नातेवाईक हळव्या आवाजात सांगत, पण तसं काही नव्हतं. तिला गाव आवडत होतं आणि पुण्यात राहणाऱ्या मुलींचे फोटो आवडत नव्हते.

नोकरी लागली ती केळीवरच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या केंद्रात. दोन खोल्या, चार माणसं, एक ड्रोन. वर साहेब संदीप सर, वय पस्तीस, बोलणं निम्मं मराठी निम्मं हिंदी आणि उरलेलं मोबाईलवर. तापीकाठच्या बागांवर ड्रोन फिरवायचा, प्रत्येक झाडाचं पान टिपायचं आणि हरण्या कुठे शिरलाय ते संगणकानं शोधायचं, असं काम. हरण्या म्हणजे केळीच्या पानावर पिवळे पट्टे आणणारा व्हायरस. एकदा झाडात शिरला की औषध नाही. झाड मुळासकट काढायचं आणि खड्ड्यात गाडायचं, नाहीतर मावा ही कीड तो रोग शेजारच्या झाडावर नेते आणि महिन्यात बाग जाते. यंदा भाद्रपद उजाडेपर्यंत आभाळ फाकलंच नाही. असल्या हवेत हरण्या माजतो.

संगणकात बाग कशी मावते, हे हिमानीनं वडिलांना एकदा समजावलं होतं आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांनीच समजून घ्यायला हरकत नाही. कागदाचा एक ताव घ्यायचा. त्यावर चौकटी आखायच्या. बागेत जितक्या ओळी तितक्या आडव्या, ओळीत जितकी झाडं तितक्या उभ्या. निरोगी झाडाच्या चौकटीत शून्य, रोगी झाडाच्या चौकटीत एक. हा झाला एका आठवड्याचा ताव. पुढच्या आठवड्याचा ताव त्याच्यावर. असे ताव चढत गेले की गड्डी होते. मग कुठल्याही झाडाचा कुठल्याही आठवड्याचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येतो: ओळ, झाड, आठवडा.

"म्हणजे रीम," लीलाधर म्हणाले.

"रीमच, पप्पा. फक्त पाहिजे ती चौकट बदलता येते. बाकी गड्डी जशीच्या तशी."

"पाहिजे तीच बदलते ना?"

"मी सांगेन तीच बदलते."

हे ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती.

आता मालूबाई. शाहपूरच्या रस्त्याला तिची तीन हजार झाडांची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी. नवऱ्याचे, दगाभाऊंचे, गुडघे गेले तेव्हापासून बाग तीच बघते. रोपं आणण्यापासून घड तोलण्यापर्यंत. पन्नाशी ओलांडलेली, चालणं ताठ, बोलणं त्याहून ताठ. केंद्राला प्रयोगासाठी बाग हवी होती तेव्हा गावात कोणी दारात उभं करेना. मालूबाईचा दीर मोतीलाल पारावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कॉम्प्युटरले रोग दिसते, मंग आम्ही काय आजवर डोये मिटून केयी लावल्या?"

मालूबाईनं बाग दिली. का दिली, तर हिमानी बोलली म्हणून. संदीप सरांनी तासभर योजना समजावली, ती तिनं भिंतीकडे बघत ऐकली. मग हिमानीकडे वळून विचारलं, "तू सांग. येच्यानं माह्या बागेचं वाईट तं नाही ना होणार?"

"नाही मावशी. उलट जे झाड आजारी तेवढंच निघेल. एकही जास्त नाही."

"तुह्या शब्दावर देते. त्या सरच्या नाही."

त्या शब्दानं हिमानीला काम आपलं वाटायला लागलं. बांबूच्या साठ खुंट्या तिनं स्वतः तासून घेतल्या, पांढऱ्या रंगानं एक ते साठ आकडे घातले आणि साठ ओळींच्या तोंडाशी ठोकल्या. ओळीत पन्नास झाडं, ती बांधाकडून मोजायची. गावातल्या पोरांनी बागेला शाळा म्हणायला सुरुवात केली, सकाळी सकाळी ओळीतल्या झाडांची हजेरी घ्यायचे. मालूबाईनं दोघांच्या पाठीत धपाटे घातले आणि खुंट्या राहिल्या.

नवव्या आठवड्यात केंद्राची माणसं बागेत जाऊन संशयित झाडांची आणि काही साफ दिसणाऱ्या झाडांचीही पानं प्रयोगशाळेसाठी घेऊन आली. प्रयोगशाळेचा निकाल आला. बारा झाडांना हरण्या. बाराही वेगवेगळ्या ओळींत. ती बारा झाडं नवव्या तावावर भरायचं काम हिमानीचं. शून्याचे एक करायचे, बारा चौकटींत. दोन मिनिटांचं काम.

तिनं बारा ओळींची यादी दिली, बारा झाडांची यादी दिली आणि सांगितलं, इथे एक लिही. कॉलेजात ज्या भाषेत ती प्रोग्रॅम लिहायला शिकली त्या भाषेत अशा दोन याद्या दिल्या की जोड्या लागतात. यादीतल्या पहिल्या ओळीला यादीतलं पहिलं झाड, दुसरीला दुसरं. केंद्रात मात्र कुणीतरी मागे सोडून गेलेला जुना प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत होता. तिथली रीत वेगळी. सामूहिक विवाहात बारा नवरे आणि बारा नवऱ्या उभ्या कराव्यात आणि भटजीनं प्रत्येकाची गाठ प्रत्येकीशी मारावी, तसा तो प्रकार. बारा ओळी, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत तीच बारा झाडं. बाराच्या जागी एकशे चव्वेचाळीस.

आकडा पडद्यावर आला होता. रोगी झाडं १४४. हिमानीनं तो वाचला होता, आणि हे इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण नंतर घाईत नजर चुकली असं तिनं स्वतःलाच दोन-तीनदा सांगून पाहिलं. नजर चुकली नव्हती. बारा झाडं भरल्यावर प्रोग्रॅम ड्रोनच्या फोटोंतून आणखी संशयित झाडं आपणहून जोडतो. तिला वाटलं, वरची एकशे बत्तीस त्यानं शोधली. त्या आठवड्यात आभाळामुळे ड्रोन उडालाच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ते तिला त्या वेळी आठवलं नाही, कारण आकडा आवडला होता. माणसांच्या डोळ्यांना बारा दिसली, तिच्या कामाला एकशे चव्वेचाळीस.

संदीप सर तर खूशच. "देखा? आँख से बारह, मशीन से एक सौ चवालीस. वरच्या ऑफिसला आजच पाठवतो." यादी मुकादम सुपडूच्या मोबाईलवर गेली. गणपती आले, केंद्राला सुट्टी लागली. सुपडूची टोळी पंचमीला मोकळी होती. पंचमीला खणायचं ठरलं; आजारी झाडं निघतील, एवढंच मालूबाईला कळवलं.

ऋषिपंचमीच्या सकाळी हिमानी चहा गाळत होती. बाहेरच्या खोलीत कालच बसलेला गणपती, आणि त्याच्या शेजारी तिनं कौतुकानं छापून आणलेला नवव्या आठवड्याचा ताव. रोगी झाडाच्या जागी काळा ठिपका. लीलाधरांनी तो उचलला आणि सवयीनं खिडकीशी नेऊन उजेडावर धरला. तेहेतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

"हा डाग कसला?"

"डाग नाही, पप्पा. हरण्या आहे. एवढी झाडं रोगी."

ते बराच वेळ बघत राहिले. चहा ओट्यावर निवला.

"हा रोग नाही गं हिमू. हा रोलरचा डाग आहे."

"काय?"

"लगदा खराब असला तर डाग कुठेही पडतात. इथे एक, तिथे तीन. पण प्रत्येक तावावर काठापासून त्याच अंतरावर डाग दिसला की आम्ही लगदा तपासायचोच नाही. सरळ मशीन थांबवायचो. रोलरला काहीतरी चिकटलेलं असायचं." त्यांनी बोट ठेवलं. "ही बघ ओळ. तीन, आठ, अकरा, सोळा. पुढची ओळ. तीन, आठ, अकरा, सोळा. त्याच्या पुढची. रोग काय पाढे म्हणत चालतो?"

हिमानी आधी चिडली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसानं तिला प्रोग्रॅमबद्दल सांगावं. "तुम्हाला त्यातलं कळत नाही," असं ती बोलूनही गेली. मग ताव हातात घेतला. तीन, आठ, अकरा, सोळा. मग लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅममधली ती एक ओळ वाचली आणि बाराला बारानं गुणलं.

सुपडूला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा, पुन्हा. मालूबाईचा लावला तर दगाभाऊंनी उचलला.

"ती कुठची घरी. राजघाटले गेली अंगोयीले, बायांसंगं. पंचमी नाही का आज."

"भाऊ, बागेत खणणं चाललंय ते थांबवायला सांगाल का कुणाला? लगेच?"

"कोनाले सांगू व? समदे सणात. मी उठू तं चार जन लागते उठवाले." मग, "आन् तीबी आली तरी आज बागेत पाय नाही टाकणार. माहीत हाये ना."

माहीत होतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हे सगळीकडेच. मालूबाईच्या माहेरची रीत त्याहून कडक होती. नांगरलेल्या जमिनीत त्या दिवशी पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. वर्षातला हा एकच दिवस, जेव्हा बागेवर तिची नजर नसायची.

संदीप सर गणपतीला खंडव्याला गेले होते. मागे आरती चालू होती. हिमानीनं एका दमात सांगितलं.

"हिमानी, यार. छुट्टी है आज."

"सर, एकशे बत्तीस झाडं निरोगी आहेत."

"पक्का? हरण्याचं साल आहे. पंधरा दिवसांत त्यातली आधी निघालीच असती. किसको पता चलेगा?"

"मला कळलंय."

"तुला कळलं ठीक आहे. पण आकडा वर गेलाय. अब बारह बोलेंगे तो पूरा प्रोजेक्ट गया. चार माणसांची नोकरी आहे, तुझी धरून. शांत राहा. सोमवारी बघू."

सोमवारी बघायला बागेत उरणार काय होतं. तिनं फोन ठेवला, गाडीची किल्ली घेतली. लीलाधर दारात चप्पल घालून उभे होते. "मी येऊ?" म्हणाले. "नको," ती म्हणाली, आणि मग, "मघाशी बोलले ते..." त्यांनी हात हलवला. "जा. मशीन थांबव आधी."

शनवारा चौकात गणपतीच्या मांडवानं रस्ता अडलेला. ती गल्लीतून निघाली, एका म्हशीला आणि दोन पोरांना चुकवत शाहपूरच्या रस्त्याला लागली. डोक्यात हिशेब चालू होता. टोळीत सहा माणसं, सकाळी सातला सुरुवात, आता सव्वानऊ. एका झाडाला किती वेळ लागतो हे तिला माहीत नव्हतं. नऊ आठवडे ती झाडांचे पत्ते लिहीत होती आणि एक झाड काढायला किती वेळ लागतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बागेत कुदळीचे आवाज येत होते. तिनं गाडी बांधाला टेकवली नाही, सोडून दिली, ती पडली.

"सुपडूभाऊ! थांबा."

सुपडू मुकादम. साठीचा, अंगानं काटकुळा, कानाला बिडी. त्यानं हात वर केला, कुदळी थांबल्या. मोबाईल कडुनिंबाला टांगलेल्या पिशवीत होता, भाकरीबरोबर.

"काय झालं मॅडम?"

"किती निघाली?"

"सात ओयी पुऱ्या. ही आठवी चालू. हिच्यात सात निघाले."

सात ओळींतली प्रत्येकी बारा, आणि वर सात. एक्याण्णव.

कंबरेएवढी झालेली झाडं खड्ड्यात एकावर एक पडली होती. मुळांची माती अजून ओली. हिमानी खड्ड्याच्या काठाशी वाकली आणि वरचंच एक पान ओढून पाहिलं. हिरवं. पुढचं पाहिलं. हिरवं, तकतकीत, एक पट्टा नाही. पाच-सहा पानं उलटून झाल्यावर तिचे हात थांबले.

"सुपडूभाऊ, तुम्हाला दिसत नव्हतं? पान साफ आहे."

"दिसत होतं ना."

"मग?"

सुपडूनं बिडी कानावरून काढली, पाहिली, परत ठेवली. "मागच्या खेपेला त्या इच्छापूरच्या बागेत मी बोललो होतो सरले, का हे झाड चांगलं दिसते. तं सर म्हणे, तू डाक्टर है क्या? लिस्ट में है तो निकाल. आता लिस्टमंदी होतं, काढलं."

त्याचं काही चुकलं असं म्हणायला तिला तोंड नव्हतं.

"परत लावता येतील?"

"मुयं तुटले समदे. आन् हरण्यावाले पन याच्यातच हायेत ना, एकाच खड्ड्यात. मावा आता समद्यावर फिरला असंल." एक पोरगेला मजूर हसला, सुपडूनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

हिमानीनं पर्समधून तो ताव काढला. कारखान्याच्या नोंदवहीत चुकीचा आकडा कधी खोडायचे नाहीत. त्यावर लाल शाईची एक रेघ, जुना आकडा खालून वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि सही. हे तिला सातव्या वर्षापासून माहीत होतं. तिनं बांधावर ताव पसरला आणि लाल पेनानं एकशे बत्तीस ठिपके एकेक करून कापले. वेळ लागला. मजूर बांधावर बसून बघत होते. शेवटी १४४ वर रेघ मारली, वर १२ लिहिलं, खाली लिहिलं की चूक माझी आहे, प्रोग्रॅमची नाही, आणि सही केली. फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये वरच्या ऑफिसची माणसंही होती.

मिनिटभरात संदीप सरांचा निरोप आला, तिला एकटीला. "ग्रुप में डालने की क्या ज़रूरत थी?"

ते वाचेपर्यंत रस्त्यावर टेम्पो थांबला.

राजघाटाहून बायका परतत होत्या, ओले केस मोकळे, हातात ओल्या साड्यांचे पिळे. मालूबाई उतरली. तिनं पडलेली गाडी पाहिली, मजूर पाहिले, हिमानीला पाहिलं. बांधापर्यंत झपाझप आली आणि बांधाच्या काठाला पाय थांबला. पुढे नांगरट.

"काय झालं?"

हिमानी ओळींच्या मध्ये उभी होती, दहा पावलांवर. "मावशी, माझ्याकडून चूक झाली."

"कसली?"

"बारा झाडं आजारी होती. यादीत मी एकशे चव्वेचाळीस टाकली."

"बाराची एकशे चव्वेचाळीस? तुले मोजता नाही येत?"

हिमानीनं खरं तेच सांगितलं. "आकडा दिसला होता. मी थांबले नाही."

मागून टेम्पोतल्या बायकांतली एक म्हणाली, "मालू, आत जाऊन बघ ना." मालूबाईनं मान हलवली. तिचे पाय बांधावरच होते, बोटं मातीत रुतल्यासारखी.

"किती निघाले?"

"एक्याण्णव."

"त्याच्यात आजारी किती?"

"सात."

"म्हंजे चौऱ्यायशी चांगले."

"हो."

"कोठचे? ओय सांग."

हिमानीनं सांगितल्या. चौथी, नववी, तेरावी. मालूबाईनं प्रत्येक आकड्याला डोळे मिटून घेतले. खुंटीवरचा आकडा तिच्या डोक्यात नव्हताच, तिच्या डोक्यात झाडं होती. "तेराव्यात इहिरीकडचं? ज्याले मी दोनदा रोप बदललं?"

"गेलं."

"हूं."

मोटरसायकल आली. मोतीलाल. त्याला कुणी कळवलं कुणास ठाऊक, असल्या बातम्यांना पाय असतात. त्यानं खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि तोंड भरून हसला. "काय वहिनी, कॉम्प्युटरनं भारी निंदनी केली."

"मोतीलाल," मालूबाई मागे न वळता म्हणाली, "तुह्या बागेत हरण्या तीनशे झाडाले हाये आन् तू अजून एक नाही काढलं. जाय."

तो गेला. पण हसू मागे ठेवून गेला, आणि संध्याकाळपर्यंत ते पारावर पोचणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आजारी पाच राह्यले ना अजून?" मालूबाईनं विचारलं.

"हो. ती आजच काढायला हवीत, मावशी. नाहीतर..."

"मले नको शिकवू हरण्या." मग, "मी आत नाही येऊ शकत आज. तू जाय. एकेकाचं पान आणून दाखव मले. मी म्हनन तं सुपडू खनन."

हिमानी गेली. पाच ओळी, पाच झाडं. या वेळी तिनं खुंटीवरचा आकडा पाहिला, बांधापासून झाडं बोटानं मोजली, परत मोजली. प्रत्येक झाडाच्या शेंड्याजवळचं पान तोडून ती बांधाशी नेत होती आणि मालूबाई ते सूर्याकडे धरून बघत होती. खिडकीशी उभे असलेले वडील हिमानीला आठवले. पहिलं पान. "हाये. काढा." दुसरं. "हाये." तिसरं, चौथं. कुदळ पडत गेली.

पाचवं पान मालूबाईनं बराच वेळ धरलं. फिरवलं, देठाकडून पाहिलं.

"याले नाही."

"मावशी, याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे. याला नक्की आहे. पट्टे नंतर येतात कधी कधी."

"पान साफ हाये."

"मला माहीत आहे साफ दिसतंय. तरी आहे."

मालूबाईनं पान खाली केलं. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सकायी चौऱ्यायशी झाडाले बी तुहा रिपोर्टच होता ना?"

सुपडू कुदळ धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

हिमानीला या वेळी पक्कं ठाऊक होतं. हे बारावं झाड प्रयोगशाळेनं तपासलं होतं, यात तिची चौकट नव्हती की यादी नव्हती. ते आज राहिलं तर शेजारच्या झाडाला लागणार. आणि हे सांगायला तिच्याजवळ जे एकच साधन होतं, तो शब्द, तो तिनंच खड्ड्यात घातला होता. तिनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मालूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे. उद्या मी सोता बघन."

त्या झाडाला हिमानीनं आपली ओढणी गुंडाळली, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, मावा तरी आत-बाहेर करायला नको म्हणून. त्याचा किती उपयोग, ते तिला माहीत नव्हतं. सुपडूनं सुतळी दिली. घरी जाऊन मालूबाईनं पंचमीची भाजी शिजवली असेल, खाल्ली की नाही कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हिमानी बागेत हजर होती. मालूबाई तिच्याही आधी आली होती. बांध उतरून ती त्या आठ ओळींतून चालली, प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत. घाई नाही. मग त्या झाडापाशी आली, सुतळी सोडली, ओढणी काढून हिमानीच्या हातात दिली आणि आतला गुंडाळलेला कोवळा पोंगा बोटांनी उलगडला. कालपर्यंत तो बंद होता. आत पिवळी रेघ होती, केसाएवढी.

मालूबाईनं ती पाहिली. हिमानीनंही पाहिली. "बघा, मी म्हटलं होतं" असं म्हणायची हिंमत जगात कुणालाही झाली नसती.

"सुपडू, काढ हे. आन् याच्या दोन्ही बाजूचे बी काढ."

बाजूची दोन्ही झाडं हिरवीगार होती. कालच काढलं असतं तर ती कदाचित वाचली असती. सुपडूनं तिन्ही काढली.

"मावशी," हिमानी म्हणाली, "केंद्रानं मला सोमवारी बोलावलंय. बहुतेक काढतील. पण मी येत जाईन इथे. चौऱ्यायशी रोपं मी आणून लावते."

"आता लावून ते पाठीमागं राहतीन. घड दोनदा कापा लागन." मालूबाईनं हात झटकले. "रोपं मी पाहीन. तू तुह्या खुंट्या काढून ने."

हिमानी एकापासून निघाली. पावसानं खुंट्या घट्ट बसल्या होत्या. दोन्ही हातांनी हलवून, ओढून एकेक काढावी लागत होती. विसाव्या खुंटीपर्यंत तळहाताला फोड आला. एकेका ओळीच्या तोंडाशी उभं राहून तिला पन्नास झाडांची ओळ शेवटपर्यंत दिसत होती, आणि काही ओळींत तीन, आठ, अकरा, सोळा या जागी खड्डे. दुपार होत आली तेव्हा साठावी निघाली. तिनं सगळ्यांची मोळी सुतळीनं बांधली आणि गाडीकडे ओढत नेली.

मालूबाई बांधावर बसून भाकरी खात होती. अर्धी भाकरी आणि ठेच्याचा गोळा तिनं फडक्यावर हिमानीकडे सरकवला, जसा सुपडूच्या टोळीतल्या कुणाकडेही सरकवला असता. हिमानी बसली. फोडामुळे तिला घास नीट धरता येत नव्हता.

मोळी गाडीच्या मागे काही केल्या बसेना. एकदा सुतळी तुटली.

"राहू दे ते," मालूबाई म्हणाली. "झोपडीत टाकून दे. बांबू चांगला हाये."

हिमानीनं मोळी झोपडीत नेली. आत खताच्या गोण्या, पंपाचा पाइप, कोपऱ्यात कंदील. मोळी भिंतीला टेकवताना आकडे वर येतील अशी तिनं ठेवली होती. बाहेर येऊन गाडी सुरू करताना तिनं मागे पाहिलं, तर मालूबाई आत जाऊन मोळी उलटी करत होती, टोकं वर आणि आकडे खाली, मातीकडे.